देवाचं पेव

भादवा अर्धा सरला की मला एक वास येतो. आंबूस, दमट, थोडा मातीचा, थोडा जुन्या ज्वारीचा. बिदरच्या ह्या सिमेंटच्या घरात तो यायचं काही कारण नाही. पीठ गिरणीतून येतं, ज्वारी दुकानातून येते, सूनबाई डबे उन्हात वाळवून भरते. तरी येतो. परवाही आला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"कसला वास यायलाय गं?"

"कसलाच न्हाई, मामा," ती म्हणाली. "भादवा लागलाय. तुम्हाला दरसाल येतो."

एखाद्याचा गुडघा दरसाल थंडीत दुखतो, तसं तिनं ते सांगितलं आणि कणीक मळायला लागली. तिचं खरं आहे. तो वास एका पेवाचा आहे, आणि ते पेव बुजवूनही आता कैक वर्षं झाली.

ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत विहिरीसारखं खोल खणायचं, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडब्याचा थर लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आमच्याकडचा तांबडा मुरूम पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळं दाणा वर्ष-दोन वर्षं टिकतो. फक्त त्याला तो वास लागतो, आणि भाकरी जराशी लालसर, जराशी कडवट होते.

गावातल्या शेतकऱ्यांची पेवं गावात होती. आमचं पेव देवळामागं होतं. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ: मातीच्या भिंती, वर पत्रा, पत्र्यावर लोहारानं करून दिलेला क्रूस. निर्णा ह्या गावाच्या अलीकडं, वेशीबाहेर, आमची सोळा घरांची वस्ती होती. आज्याच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला तो एका मोठ्या दुष्काळानंतर. त्या सालात गावातली पेवं भरलेली होती आणि आमची माणसं त्यांच्या झाकणांवर बसून मेली, असं याकोबप्पा सांगायचा. म्हणून देवळाच्या आधी त्यांनी पेव खणलं. मिशनच्या साहेबानं विचारलं, आधी देऊळ का नाही. तेव्हा आमचा आजा म्हणाला म्हणे, "देवाला पाऊस लागत न्हाई, सायब. लेकरांना भूक लागती."

याकोबप्पा आमचा उपदेशक. त्याला पाळक म्हणायची सोय नव्हती, तेवढं शिक्षण नव्हतं. चपला शिवायचा, रविवारी शास्त्र सांगायचा आणि पेवाची देखरेख करायचा. तिन्ही कामं एकाच आवाजात.

आम्हाला रान नव्हतं. सुगीत दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढायची आणि मजुरी पेंढ्यांत घ्यायची. त्यातली पहिली पेंढी देवाच्या पेवाची. मी आणि दानू जोडीनं काढायला बसायचो. दानिएल त्याचं नाव, शेजारच्या सारव्वाचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. माघातलं ते कोवळं ऊन, धारेनं ताटं कापल्याचा करकर आवाज, बांधावर भाजलेला हुरडा, तळहातावर चोळून फुंकलेलं कूस. फुंकताना दानू मुद्दाम माझ्या तोंडावर फुंकायचा आणि म्हणायचा, "घे, कॉलेजात हे मिळत न्हाई." मी हैदराबादला कॉलेजात शिकत होतो. आमच्या सात पिढ्यांत पुस्तक हातात धरणारा मी पहिला, आणि पुढं बी.ए. झालो तोही पहिलाच. ही गोष्ट मी तेव्हाही लपवली नाही आणि आताही लपवत नाही. वस्तीलाही त्याचा अभिमान होता, फक्त तो त्यांच्या पद्धतीचा होता. मी सुट्टीत आलो की विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "काय रं, कॉलेजात भाकर चौकोनी खातेत का?"

सुगीत भरलेलं पेव उघडायचं ते भादव्यात. घरातले जुने दाणे संपलेले असतात, नवी ज्वारी अजून पेरायची असते, कामं नसतात. शनिवारी दुपारी झाकण काढून ठेवायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. रविवारी सकाळी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. जळत राहिला तर दानू उतरायचा, कारण तो सडपातळ होता आणि त्याला भीती नव्हती.

मग आमची ती रीत. मी पुढं बरीच गावं फिरलो, पण ती कुठं बघितली नाही. भादव्यातल्या दर रविवारी उपासना झाली की सगळी वस्ती पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन पेवापाशी ओळीत उभी राहायची. पावसात गुराखी घेतात तशी पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून केलेली खोळ, नाकापर्यंत ओढलेली. पाऊस असो की कडक ऊन असो, खोळ पाहिजेच. कुणी कुणाशी बोलायचं नाही. याकोबप्पा मान खाली घालून मापटं भरायचा आणि समोर आलेल्या ओच्यात ओतायचा. तोंड वर करायचा नाही. ओळीत सोळाही घरं उभी राहायची, ज्यांच्याकडं दाणे आहेत तीही. सगळ्यांनी घ्यायचं. ज्याच्या घरी अजून आहे त्यानं आपलं मापटं दिवस मावळायच्या आत दुसऱ्या कुणाच्या दारात, जात्यावर, चुलीपाशी गुपचूप ठेवून यायचं. कुठं ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ज्याला मिळालं त्यानं विचारायचं नाही. आणि घरटी एक भाकर तरी पेवाच्या ज्वारीची करायचीच, म्हणजे त्या दिवशी सोळा घरांतून तोच आंबूस वास निघायचा आणि कोण गरजू आहे हे वासावरूनही कळायचं नाही.

एकच फट राहिली होती. पाय. खोळीखालून पाय दिसायचे, आणि अनवाणी पाय म्हणजे माणसाचा चेहराच. दानू पेवातून वर येऊन माझ्याजवळ उभा राहायचा आणि हळूच सांगायचा, "ती बघ, एस्तेरमावशीची टाच. उन्हाळ्यातल्या तळ्यावानी फुटलीय." याकोबप्पाच्या कानावर ते बरोबर पडायचं.

"दान्या, पायाकडं बघायचं न्हाई."

"अप्पा, मान खाली घातली की पायच दिसतेत. काय करू?"

"मग डोळे मीट."

ते दिवस आठवतात तेव्हा मला आधी आम्हा तिघांचं बोलणं ऐकू येतं. तिसरा मी, हसू दाबणारा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चौथ्या वर्षी रमजानची सुट्टी भादव्यात आली. आमचं कॉलेज महिनाभर बंद. मी घरी आलो तो डोक्यात बरंच काही भरून. शनिवारी झाकण काढलं, रविवारी दानू खाली उतरला आणि आतून त्याचा आवाज आला, "अप्पा, गुडघ्याएवढीच हाय."

सरकारनं लढाईसाठी लेव्ही लावली होती. खळ्यावरूनच धान्य उचललं जायचं. मालकाकडं कमी उरलं, म्हणून मजुरीच्या पेंढ्या कमी झाल्या, म्हणून पेवात कमी पडलं. आमच्या वस्तीवर लढाई आली ती अशी. तोफ ऐकू आली नाही, विमान दिसलं नाही. पेवाचा तळ दिसला.

त्या रविवारी अर्धं अर्धं मापटं मिळालं. मला ते सगळं अडाणीपणाचं वाटलं. ज्यांच्याकडं आहे ते कशाला ओळीत येतात? मी याकोबप्पाला गाठलं. तो आरी-दोरा घेऊन वहाण शिवत बसला होता.

"अप्पा, ज्याला पाहिजे त्यालाच द्या. मी यादी करतो."

"यादी केल्यावर खोळ कामून लागंल?"

"नको लागायला."

"मग तोंड दिसंल की."

"दिसू द्या. उपाशी असणं पाप हाय का?"

त्यानं दोरा दातांनी तोडला. "पाप न्हाई रं. पर दुसऱ्याची भूक उघडी करू नी. ती त्याची हाय. तो देवाला दाखवंल, न्हाईतर न्हाई दाखवणार."

मी ऐकलं नाही. मला कचेरीतून धान्य आणायचं होतं. अर्ज कसा करतात ते वस्तीत मलाच ठाऊक होतं, आणि उर्दू माझ्याइतकी देखणी लिहिणारा अख्ख्या तालुक्यात नसेल असं मला वाटायचं. मी दोन दिवस घरोघरी फिरलो. चुलीकडं नजर टाकायची, मडक्यात डोकवायचं, आणि लिहायचं. हुमनाबादच्या कचेरीत घेऊन गेलो, तर तिथला एक कारकून म्हणाला, जवान किती, बायका किती, पोरं किती, वयं काय, तेही लिहा, म्हणजे हिशेब बसतो. मी तिथंच बाकावर बसून ते रकाने भरले. कारकुनानं कागद उजेडात धरला. "क्या मोती जैसा खत है, मियाँ." अक्षराच्या त्या तारिफेवर परत येताना तेरा-चौदा मैल मी चालतच आलो आणि पाय दुखले नाहीत.

यादीत अकरा घरं होती.

बारावं आमचं होतं. ते मी लिहिलं नाही. माय त्या महिन्यात स्वतः नुसतं अंबील पिऊन आम्हा दोघा भावांना भाकर वाढत होती, हे मला दिसत होतं. पण कॉलेजात शिकणाऱ्याच्या घरी भूक आहे हे मला उर्दूत लिहवेना. दुसऱ्या कुठल्या भाषेतही लिहवलं नसतं. आमचं निभतंय, असं मी स्वतःला सांगितलं. आणि निभत होतंही, कारण दर रविवारी दुपारी आमच्या जात्यावर एक अर्धं मापटं ज्वारी जास्तीची दिसायची. मी मायला विचारलं, "कोण ठिवलं?"

"पुसायचं न्हाई," माय म्हणाली, आणि जात्याचा खुंटा धरून दळायला बसली.

त्याच दाण्यांची भाकर खाऊन मी ती यादी लिहिली होती.

धान्य काही आलं नाही. चौथ्या आठवड्यात पलटनीच्या भरतीचा माणूस आला. सडकेपर्यंत लॉरी, पुढं पायी. अंगात खाकी, पायात बूट, तोंडात पान, आणि हातात माझा कागद. मी तो लांबून ओळखला. काफ ह्या अक्षराची रेघ मी जरा लांब ओढायचो, कॉलेजात तिचं कौतुक व्हायचं. तो वस्तीत नवा होता, पण त्याला कुणाला काही विचारावं लागलं नाही. सरळ सारव्वाच्या दारात गेला आणि वाचलं, "दानिएल वल्द आमोस. उमर बीस." मग सांगायला लागला. दोन वख्त का खाना. बूट, कोट, कंबल. घरालाही पोचेल. त्यानं आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. भुकेल्या दारात कुणाला आवाज चढवावा लागत नाही.

तो अकरा दारांत गेला. आमच्या दारावरून जाताना त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. आत अंगणात माझा थोरला भाऊ शामू लाकडं फोडत होता. तेवीस वर्षांचा, दानूपेक्षा दांडगा.

वस्तीतली तीन पोरं गेली. इतर दोघं पुढं परत आली, एक लंगडत. दानूला सडकेपर्यंत पोचवायला मी गेलो. रस्त्यात करडीचं रान नुकतं नांगरून पडलं होतं. तो खुशीत होता, किंवा मला तसं दाखवत होता.

"दानू, जाऊ नको."

"तू खायाला घालतोस का?" तो हसला.

"तिथं माणसं मारावी लागतेत."

"ते हायच की. पर आधी जेवायला देतेत म्हनं." मग माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "आता मला बी बूट. याकोबप्पाला सांग, माझे पाय आता वळखू यायचे न्हाईत."

ती यादी माझ्या हातची आहे, हे मी त्याला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. लॉरी उभी होती, इंजिन चालू होतं. तो मागं चढला, आणि चढल्यावर ओरडला, "सुगीला येतो. आलो न्हाई तर माझी पेंढी टाक पेवात."

सुगीला तो आला नाही. पेंढी मी टाकली.

त्याच सुगीत वरून सांगावा आला, की प्रत्येक देवळात फत्तेसाठी प्रार्थना करावी. रविवारी देऊळ भरलं होतं. याकोबप्पा उभा राहिला. मग शास्त्र न उघडताच बोलायला लागला. जन्मभर मी पुष्कळ शिकलेल्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. हे मला सगळ्यांत जास्त आठवतं.

"मला फत्ते मागता येत न्हाई," तो म्हणाला. "कामून, ते सांगतो. प्रभूनं मागायला शिकवलं ते भाकरीचं. रोजची भाकर, तेवढीच. डोंगरावर हजारो माणसं बसली, तवा त्यानं पुसलं का, तुमच्यात रोमी कोण, कुणाच्या बाजूचं कोण? खाली बसवलं आणि वाढलं. त्याच्या माणसानं एकदा तलवार काढली, तर म्हनला, म्यानात घाल. दोनच गोष्टी त्यानं करून दावल्या. भाकर मोडली आणि तलवार ठिवायला लावली. आता आमच्या पोरांच्या हातात तलवार कुणी दिली? भुकेनं दिली. भाकर असती तर दान्या गेला नसता. मग लढाई करायची तर भुकेशी करा की. ती हितंच हाय, लांब जायला नको. त्या शेवटच्या दिवशी प्रभू मला पुसणार हाय, मी उपाशी होतो तवा तू काय केलंस. किती जिंकलास, हे पुसणार न्हाई. म्हून मी आज पेवासाठी प्रार्थना करतो. आणि पोरं परत यावी म्हून. तिकडच्यांची बी."

पुढच्या बाकावरून सारव्वा एवढंच म्हणाली, "आमेन म्हना सगळे."

तिच्याकडं तेव्हा दानूचं पत्र होतं. मी वाचून दाखवीन म्हणून तिनं ते सुगीपर्यंत न वाचता ठेवलं होतं, पिठाच्या मडक्यात. दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायला तयार नव्हती. कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, पण शब्द त्याचेच. हितं भात मिळतो, डाळ मिळती. बूट चावतेत. जंगल लई हाय. एक दिवस तिकडचा एक माणूस धरून आणला. माझ्यावानीच बारीक. त्याची बोली कुणाला येत न्हवती. माझ्याकडं बघून त्यानं पोटावर हात ठिवला. मी माझी रोटी दिली. हवालदार लई बोलला. अव्वा, त्याचे पाय एस्तेरमावशीवानी फुटले होते.

वाचता वाचता मी हसलो, सारव्वाही हसली. नंतर तिनं पत्र परत मडक्यात ठेवलं. त्यानंतर दुसरं आलं नाही. तारही आली नाही, माणूसही आला नाही. लढाई संपल्याचं कळलं, तेव्हाही काही आलं नाही. एका माणसाची वाट किती बारीक बारीक गोष्टींनी बघता येते ते मी सारव्वाकडं बघितलं. ती दारात बसली की सडकेकडच्या बाजूला तोंड करून बसायची. दाणे निवडताना सूप त्याच बाजूला धरायची.

मी बी.ए. झालो. वस्तीनं मला देवळात उभं करून हार घातला. सारव्वानं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. यादीचं मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.

मग अठ्ठेचाळीसचा भादवा आला. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो, शाळा बंद पडली आणि मी घरी आलो. त्या वर्षाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच लिहितो, की आधी एका बाजूची हत्यारं फिरली आणि सगळे भ्याले, मग राज्य बदललं, दुसऱ्या बाजूची फिरली आणि उरलेलेही भ्याले. निर्ण्याच्या बाजूनं माणसं रानारानानं आमच्या वस्तीकडं यायला लागली. कुणाच्या कपाळावरचा टिळा पुसलेला, कुणी घाईत दाढी उतरवलेली. एकमेकांना बघून उभी राहायची, पुढं यायची नाहीत. पोटात मात्र सगळ्यांच्या भूक तीच.

याकोबप्पाला तोवर दिसेनासं झालं होतं. "बरं झालं," तो म्हणायचा, "आता बघायचं न्हाई हा नेम पाळायला सोपं जातंय." त्यानं झाकण काढायला सांगितलं. घराघरांतली पोती गोळा करायला सांगितली. जो येईल त्याला आधी खोळ, मग ज्वारी. खोळीत टिळा दिसत नाही, दाढी दिसत नाही. कुणी तरी हळूच विचारलं, "अप्पा, आपल्याला पुरंल का?"

"आपल्याला म्हंजे कुणाला?" त्यानं विचारलं.

मापटं सारव्वाच्या हातात दिलं. पेवात उतरायला दानू नव्हता, म्हणून मी उतरलो. कंदील आधीच खाली जळत होता. आत उकाडा असतो, घाम लगेच सुटतो, आणि तो वास सगळ्या बाजूंनी अंगाला लागतो. खाली बोललं की आवाज आपला वाटत नाही. कदाचित म्हणूनच मला ते जमलं. वर गोल आभाळ, त्यात सारव्वाचं डोकं.

"सारव्वा."

"काय रं?"

"भरतीवाल्याच्या हातात ती यादी होती न्हवं, ती मी लिहिली होती."

ओळीत कुणी तरी खोकलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "टोपली भर."

मी टोपली भरली. तिनं दोरी ओढली. टोपली वर गेली, थोड्या वेळानं रिकामी होऊन खाली आली.

"त्यात आमचं घर मी लिहिलं न्हाई."

"ते बी ठावं हाय. तुझी माय त्या भादव्यात अंबील पिऊन ऱ्हायली होती. दान्याला कळलं होतं. आमचं मापटं तोच तुमच्या जात्यावर ठिवून यायचा. म्या म्हनलं, आरं, आपल्यालाच न्हाई. तर म्हनला, अव्वा, तो शिकायलाय, त्याला भूक सोसत न्हाई."

तू खायाला घालतोस का, असं त्यानं सडकेवर हसून विचारलं होतं. ते मला त्या क्षणी परत ऐकू आलं. मी गुडघ्यावर बसलो, ज्वारीत हात रुतवून.

"टोपली भर रं," सारव्वा वरून म्हणाली. "माणसं थांबलीत."

मी भरली. दुपारपर्यंत भरत राहिलो. त्या दिवशी किती माणसांनी नेलं, कोण होती, मला माहीत नाही. मी तळाशी होतो आणि ती खोळीत होती.

सारव्वा पुढं दहा-बारा वर्षं जगली. ती असेपर्यंत दर सुगीला दानूची पेंढी मीच टाकत होतो. आता देवळाच्या जागी पक्कं चर्च आहे, पेवाच्या जागी पाण्याची टाकी.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण यंदाच्या भादव्यात रेडिओवर पुन्हा लढाईच्या बातम्या आहेत. आमच्या बिदरच्या चर्चमधल्या तरुण पाळकांनी गेल्या रविवारी सांगितलं, की येत्या रविवारी विजयासाठी खास प्रार्थना आहे. पोरगा चांगला आहे, मनापासून बोलतो. उपासना संपल्यावर त्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही दोन शब्द बोलाल का?"

"मला दुसऱ्याच गोष्टीसाठी प्रार्थना येते," मी म्हणालो. तो गोंधळला. घरी येऊन वाटलं, त्याला नीट सांगायला पाहिजे होतं.

तर नीट सांगतो. पलटनीतल्या पोरांवर माझा राग नाही. माझा जिवाचा माणूस पलटनीतच गेला. पण पोरं कुठल्या दारातून उचलली जातात ते मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि त्या दाराचा पत्ता मी हातानं लिहून दिला आहे. लढाई नको असं नुसतं म्हणून ती थांबत नाही. भरतीवाल्याच्या आधी त्या दारात कुणी तरी पोचलं पाहिजे, हातात ज्वारी घेऊन, नाव न विचारता. ख्रिस्ती माणसाचं काम मला तरी एवढंच कळलं आहे, आणि तेही बी.ए. होऊन कळलं नाही. चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं आणि माझ्या वाट्याची भूक स्वतः सोसलेल्या एका मित्रानं ते मला शिकवलं.

आमच्या कॉलनीच्या मागं इमारतीच्या कामावरच्या मजुरांची पत्र्याची खोपटी आहेत. लांबच्या गावांहून आलेली माणसं. काल दुपारी मी ज्वारीचं मापटं भरलं आणि कोनाड्यातलं पोतं काढलं. सूनबाईनं बघितलं.

"मामा, ऊन हाय बाहेर. पाऊस न्हाई."

"ठावं हाय," मी म्हणालो.

पोत्याचा कोपरा कोपऱ्यात घातला, नाकापर्यंत ओढला. हळूहळू चालत गेलो. शेवटच्या खोपटाच्या दारात बसून दाणे ठेवायला वाकलो, तर पत्र्याच्या दाराखालच्या फटीतून आत दोन पाय दिसले. उघडे. जवान माणसाचे. इतक्या वर्षांत मी पायच बघत आलो आहे. स्टेशनवर, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, बुटांतले, चपलांतले, अनवाणी. एखादे पाय दानूचे असतील म्हणून. हेही बघावेसे वाटले, अगदी टाचांपर्यंत.

मान खाली होती. खाली घातली की पायच दिसतात.

मी डोळे मिटले.